यात्रेचा खेळ ठरवताना

खान्देशातल्या गावयात्रेचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी ठरल्यासारखा असतो. सकाळी पूजा, मान आणि नवस, ऊन कलल्यावर बारागाड्या, रात्री लोकनाट्य तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल. धुळे-जळगावकडची यात्रेची हँडबिलं पाहिली की हा क्रम ध्यानात येतो. यातल्या दोन गोष्टी अंगाच्या ताकदीच्या आहेत, एक रंगमंचाची, आणि तिन्हींना वाद्य लागतं. बारागाड्यांना डफ लागतो, आखाड्याला हलगी लागते, रात्रीला ढोलकी लागते. एरवी सभागृहाची पायरी न चढणारं अख्खं गाव त्या दिवशी एका जागी बसून गाणं-वाजवणं ऐकतं. त्यामुळे यात्रेला कोणाला बोलवायचं हा गावाच्या वर्षातला सगळ्यात मोठा सांस्कृतिक निर्णय ठरतो.

हा निर्णय आज फार घाईत होतो. यात्रा कमिटीच्या बैठकीत वर्गणीचा हिशोब, शेजारच्या गावानं गेल्या वर्षी काय आणलं आणि मोबाइलवर कोणाचे व्ह्यूज किती, एवढ्या तीन गोष्टींवर सुपारी ठरते. कलावंताला प्रत्यक्ष ऐकून निवडलं, असं सांगणारी कमिटी क्वचित भेटते. खान्देशाकडे कलावंतांची वाण नाही. वाण आहे ती जाणकार निवडीची, आणि तिचे परिणाम प्रत्येक प्रकारात दिसतात.

बारागाड्यांपासूनच पाहू. बैलगाड्या एकामागे एक जोडायच्या, त्यांत माणसं बसवायची आणि भगतानं त्या ओढायच्या. दोन्ही अंगांना बगले त्याला धरून पळतात. कुठे खंडेरावाच्या नावानं, कुठे मरीमातेच्या नावानं हा नवस फेडला जातो. या साऱ्याला लय देतो तो डफ. भगत गाड्यांना फेरी घालतो तेव्हाचा ठेका वेगळा, गाड्या हलायच्या वेळचा वेगळा. चढत्या ठेक्यावरून गर्दीलाही कळतं की आता वाट सोडायची. चाकाखाली येऊन माणसं दगावल्याच्या घटना या खेळात घडलेल्या आहेत, म्हणून ही सूचना जिवाच्या मोलाची आहे. त्याच वाटेवर बेसच्या भिंती लावलेलं वाहन उभं केलं की डफ बुडतो आणि त्याच्याबरोबर ती सूचनाही बुडते. डीजेचं गाणं भगताच्या पावलांकडे पाहून वेग बदलत नाही. डफवाला बदलतो. बारागाड्यांपुढे डफच असावा, या आग्रहामागे परंपरेच्या प्रेमाइतकंच हे साधं कारण आहे.

आखाड्यातही हेच. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ किताब मिळवला, तो खान्देशाच्या तालमींचा मोठा मान होता. आता मोठ्या दंगलींना एलईडी पडदे येतात, पैलवान आत येताना सिनेमातलं गाणं वाजतं. दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळेत ते वाजलं तर हरकत घेण्याचं कारण नाही. पण सलामी झाली, हात हातात गेले की मैदान हलगीवाल्याचं. खडाखडीला त्याचा हात आखडलेला असतो, पकड बसली की तो मोकळा होतो, पाठ मातीला लागायच्या बेताला आली की काठीचा वेग प्रेक्षकाला जागेवरून उठवतो. तो वादक त्या कुस्तीचा सगळ्यात बारकाईनं पाहणारा प्रेक्षक असतो. तरीही दंगलीच्या खर्चात त्याचा आकडा सगळ्यात शेवटी लिहिला जातो आणि पत्रिकेवर नाव बहुधा नसतंच.

खेळाच्या मैदानावरच्या संगीताची निवड किती गंभीरपणे करता येते, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सुपर बोलमध्ये, मध्यंतराचा कार्यक्रम असतो. १९६७ च्या पहिल्या सामन्यात तो मान मुख्यतः विद्यापीठांच्या बँडपथकांना होता. १९९२ मध्ये हिवाळ्यावर बेतलेला एक फिका कार्यक्रम ठेवला गेला आणि त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीनं विनोदी कार्यक्रम दाखवून प्रेक्षक ओढून नेले. आयोजकांनी त्यातून धडा घेतला आणि १९९३ मध्ये मायकेल जॅक्सन मैदानात उभा राहिला. तेव्हापासून हे मध्यंतर सामन्याइतकंच बोललं जातं. कलावंताला मानधन म्हणून मोठी रक्कम मिळत नाही, मात्र कार्यक्रम उभा करण्याचा खर्च आयोजक उचलतात. २०१९ पासून कलावंत निवडण्याच्या कामात जे-झी या रॅप गायकाच्या कंपनीचा सल्ला घेतला जातो. म्हणजे एवढ्या श्रीमंत संघटनेलाही वाटलं की गाण्यातलं कळणारा माणूस निवडीला हवा. २०२६ साठी त्यांनी निवडला तो बॅड बनी, पोर्तो रिकोचा, स्पॅनिशमध्ये गाणारा. इंग्रजी देशाच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर परक्या समजल्या जाणाऱ्या भाषेतला गायक का, यावर तिकडे मोठा वाद झाला. तरी निवड बदलली नाही.

आपल्याला त्या झगमगाटाची नक्कल करायची गरज नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. निवडीची जबाबदारी जाणकाराकडे असावी, आणि लोकांच्या स्वतःच्या भाषेवर आयोजकाचा भरवसा असावा. या दोन्ही कसोट्या लावून यात्रेच्या रात्रीकडे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

रात्रीचा राजा अजून तमाशाच आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे जाऊन सुपारी ठरवतात, इसार देतात. खान्देशाचे स्वतःचे फडही आहेत. भिका-भीमा सांगवीकर, आनंद महाजन जळगावकर ही नावं इथल्या रसिकांच्या तोंडी आहेत. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग हा तमाशाचा बांधा. बतावणीत सोंगाड्याची जीभ लखलखते, पण फडाचा खरा कस वगात लागतो. तिथे कथा आहे, अभिनय आहे, गावाला आपल्या भाषेत स्वतःकडे पाहायला लावणारी ताकद आहे. आज कमिटीचा पहिला प्रश्न ‘मुली किती, गाणी किती’ असा असतो. वग कोणता लावणार, सोंगाड्या कोण, ढोलकीला कोण बसणार, हे विचारलं जात नाही. मग फडमालकही वग आखडतो आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच वाढवतो. २०२० आणि २०२१ या दोन हंगामांत करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, फड कर्जात बुडाले. अशा अवस्थेत फडमालकानं गिऱ्हाइकाचं ऐकलं तर दोष त्याला देता येणार नाही. मागणाऱ्यानं काय मागितलं, हा खरा प्रश्न आहे.

नर्तकी गौतमी पाटील यांच्याबद्दलच्या वादातही मागणाऱ्याला सोडून दोष कलावंतालाच दिला गेला. त्या मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याच्या. त्यांच्या नृत्याला राज्यभर जी गर्दी झाली, तिला आवरायला पोलीस बंदोबस्त लागला. लावणीच्या जुन्या कलावंतांनी टीका केली, ती टीका ऐकण्यासारखीही होती. पण एका तरुण नर्तकीला सगळ्या अधोगतीचं कारण ठरवणं अन्यायाचं आहे. मैदान पुरेसं नसताना तारीख घेणारे, कडं न उभारता मंच बांधणारे, बायकांना बसायला वेगळी आणि सुरक्षित जागा न ठेवणारे हे आयोजक असतात. ज्या कार्यक्रमाला गावातली अर्धी माणसं, म्हणजे बायका, येऊच शकत नाहीत, तो गावाच्या यात्रेचा कार्यक्रम म्हणून चुकीचा निवडला गेला आहे. नाचणारी कोण, हा मुद्दा त्यानंतरचा.

अहिराणी गाण्यांचं मात्र मनापासून स्वागत केलं पाहिजे. अलीकडच्या वर्षांत यूट्यूबनं खान्देशी गायकांना मुंबईच्या कंपन्यांच्या दारात उभं राहण्यातून सोडवलं. सचिन कुमावत, अण्णा सुरवाडे, अंजना बर्लेकर यांच्यासारख्यांचे आवाज लग्नाच्या वरातीपासून परगावच्या रिल्सपर्यंत पोचले. ‘झुमकावाली पोर’ या गाण्यावर अहिराणीचा एकही शब्द न बोलणारी मंडळी नाचली. ज्या बोलीत बोलायला शहरात गेलेली पोरं लाजायची, तीच बोली आता अभिमानानं वाजते. टीका करायची तर ती सादरीकरणावर करावी लागेल. यातले बरेच कार्यक्रम ध्वनिमुद्रित पट्टीवर चालतात. मंचावर गायक माइक धरून उभा असतो, वादक नसतात, आणि एकाच ठेक्यावर सगळी रात्र जाते. कानबाईच्या रोटाची गाणी, आखाजीच्या गौराईची गाणी, झोक्यावरच्या चाली, एवढं मोठं भांडार अहिराणीत पडून आहे. त्यातलं थोडं या तरुण गायकांच्या तोंडी आलं, सोबत जिवंत ढोलकी आणि डफ आले, तर खान्देशाला स्वतःचं नवं लोकसंगीत मिळेल. कमिटीनं सुपारी देतानाच जिवंत वादकांची अट घातली तरी हे घडायला लागेल.

सुपारीच्या बाजारात ज्यांचं नावही निघत नाही, असे प्रकार खान्देशात अजून तग धरून आहेत. डफाच्या साथीनं देवीच्या आणि पुराणातल्या कथा गाणारी वही ही इथली खास चीज. गावातलेच शेतकरी-मजूर ती गातात. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा, यावल, शिरपूर भागात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. पाडे आपापले अजस्र ढोल घेऊन उतरतात, बासरी वाजते आणि बाजारपेठ नाचाचं मैदान होते. साक्री तालुक्यात कोकणा समाजाच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी घुमते. इथे सुपारी नाही, इसार नाही. वाजवणारा आणि ऐकणारा एकाच गावचा असतो, म्हणून वाजवणाऱ्यावर सगळ्यांची नजर असते आणि चूक लगेच पकडली जाते. कलेचा दर्जा राखणारी ही जुनी व्यवस्था आहे. मैदानी गावांच्या यात्रा कमिट्यांनी वहीला तासभराची जागा दिली, भोंगऱ्यातलं एखादं ढोलपथक मानानं बोलावलं, तर हँडबिलावर अंगभूत वैभव येईल.

निवडीवर घड्याळाचाही ताबा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्याला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवसच देता येते. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हे नियम आजारी माणसांसाठी, परीक्षेच्या पोरांसाठी आहेत, ते पाळलेच पाहिजेत. अडचण अशी की तमाशा मुळात रात्रभराचा खेळ. बारागाड्या लांबल्या, सत्कार आणि भाषणं लांबली की पडदा उघडेपर्यंत नऊ वाजतात. उरलेल्या तासाभरात गण-गौळण उरकते, वग गळतो आणि चार नाच तेवढे होतात. कलावंतावर ‘आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही’ असा शिक्का बसतो. बारागाड्या चारला हलल्या, सत्कार दुसऱ्या दिवशी आखाड्यात घेतले आणि तमाशा साडेसहाला उभा राहिला तर कायदाही पाळला जाईल आणि वगही पूर्ण होईल. वेळापत्रक बांधणं हा निवडीचाच भाग आहे.

नीट ऐकून निवड करणं आपल्याला जमत नाही, असं कोणी म्हणू नये. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान तो भरवतं आणि नामवंतांबरोबर तरुण गायक-वादकांना मंच देतं. आयोजकांचा कान तयार असला की श्रोत्यांचाही कान तयार होतो, हे या महोत्सवानं दाखवलं. भरारी फाउंडेशनच्या बहिणाबाई महोत्सवात खान्देशी पदार्थांबरोबर लोककलांनाही जागा मिळते. शहरात जे जमलं ते गावात जमणार नाही, असं मानण्याचं कारण नाही. गावाकडे तर ऐकण्याची परंपरा अधिक जुनी आहे.

म्हणून यात्रा कमिट्यांपुढे चार गोष्टी ठेवतो. कार्यक्रम ठरवायला पाच जणांची वेगळी समिती नेमा, तीत गावातला एक जुना वादक किंवा भजनी बुवा आणि किमान दोन बायका असू द्या. इसार देण्याआधी फड किंवा गायक दुसऱ्या गावी जाऊन प्रत्यक्ष ऐका. करार लेखी करा आणि त्यात वगाचं नाव, जिवंत वादकांची संख्या, सुरू होण्याची वेळ, आवाजाची मर्यादा, तसंच कलावंतिणींसाठी बंदिस्त खोली, स्वच्छतागृह आणि रात्री सुखरूप परतण्याची सोय लिहा. आणि एकूण वर्गणीतला ठराविक हिस्सा डफवाले, हलगीवाले, वहीवाले यांच्यासाठी आधीच बाजूला काढा, त्यांची नावं पत्रिकेवर मोठ्या गायकांच्या शेजारी छापा.

या चारपैकी एकाही गोष्टीला जादा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा, आणि आपल्या गावाला उत्तम ऐकण्याचा हक्क आहे असं मानण्याची हिंमत. वर्गणी शेतमजुराच्या घरातूनही येते. त्या घरातल्या माणसाला वर्षातून एकदा मिळणारी रात्र चांगल्या कलेची असावी, याची जबाबदारी वर्गणीची पावती फाडणाऱ्यावर असते. चैत्रापूर्वीच्या पहिल्याच बैठकीत, हिशोबाच्या वहीआधी, ‘कोणाला ऐकायचं आणि का’ हा विषय घ्या. पुढच्या आखाजीपर्यंत खान्देशातल्या दहा गावांनी जरी एवढं केलं, तरी फडमालक वग पुन्हा बांधायला घेतील, कारण मागणी बदलली की खेळ बदलतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.