स्वयंपाकघरातला रेडिओ

रॉक संगीताविषयी आपल्या धर्मग्रामांत दोनच मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांच्या लेखी तो गोंगाट, तरुणांच्या लेखी ते स्वातंत्र्य. या संगीताची आवड मुलाच्या मनात मुळात रुजते कशी, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांना पडत नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 'बॉर्न टू रन' हे २०१६ साली प्रकाशित झालेले आत्मचरित्र मी त्या प्रश्नासाठी वाचले. पाचशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाचा पहिला तृतीयांश भाग त्या दृष्टीने अमोल आहे. पुढे ध्वनिमुद्रिका, करारमदार आणि दौरे यांची गर्दी होते. तिथे वाचकाने पाने भराभर उलटली तरी चालेल.

स्प्रिंगस्टीन यांचा जन्म १९४९चा. बालपण न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड या गिरणगावात गेले. आईचे घराणे इटालियन, वडिलांचे आयरिश व डच. घराच्या अगदी शेजारी कॅथलिक चर्च, धर्मगुरूंचे निवासस्थान, कॉन्व्हेंट आणि शाळा. लग्ने, स्नानसंस्कार, अंत्ययात्रा हे सारे या मुलाने अंगणातून पाहिले. १९५६ साली दूरचित्रवाणीवर एल्व्हिस प्रेस्ली दिसला आणि सगळे जग पालटले, असे लेखक मोठ्या आवेशाने सांगतो.

इथे मला लेखकाशी थोडा वाद घालावासा वाटतो. त्या स्फोटानंतर घडले काय? आईने भाड्याने गिटार आणून दिली. सात वर्षांच्या मुलाची बोटे तिच्यावर पुरेनात, आणि काही आठवड्यांत ती परत गेली. गिटार पुन्हा हाती आली ती १९६४मध्ये, 'बीटल्स' अमेरिकेत अवतरल्यावर. म्हणजे मध्ये सात-आठ वर्षे गेली. खरी आवड या मधल्या काळात रुजली, असे माझे वाचन आहे. आणि त्याचा पुरावा लेखकानेच, स्वतःच्या सिद्धान्ताला छेद देत, नोंदवून ठेवला आहे. सकाळी स्वयंपाकघरात आईचा रेडिओ चालू असे. कामावर निघण्याच्या घाईतही ती लोकप्रिय गाणी ऐके. तिला नृत्याची हौस होती. त्याच स्वयंपाकघरात रात्री दिवे मालवून वडील एकटे बसत, समोर बिअर आणि हातात सिगारेट. त्यांनी गालिच्याच्या गिरणीत, फोर्डच्या कारखान्यात, तुरुंगात पहारेकरी म्हणून, बसचालक म्हणून अशा नाना नोकऱ्या केल्या. मानसिक आजाराने ते पोखरले होते, हे कुटुंबाला फार उशिरा कळले. एकाच खोलीत सकाळी गाणे आणि रात्री मौन! स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतील उल्हास आणि अंधार यांचे उगमस्थान मला या खोलीत दिसते.

पुढे मुलाने पडेल ती कामे करून स्वस्तातली पहिली गिटार घेतली. त्याच वर्षीच्या नाताळात आईने कर्ज काढून साठ डॉलरची विजेवर चालणारी 'केंट' गिटार दिली. या प्रसंगावरील काही परिच्छेद मी दोनदा वाचले. रॉक म्हणजे आईबापांविरुद्धचे बंड, असे आपण ऐकत आलो. इथे आईच हप्ते फेडते आहे.

बंड आहेच, पण ते अन्यत्र. तिसरीच्या वर्गात धर्मभगिनीने या मुलाला कचऱ्याच्या डब्यात कोंबले. भल्या सकाळच्या मिस्साला वेदीसेवक म्हणून उभा असताना धर्मगुरूने त्याला मारले. हा मजकूर वाचताना मान खाली जाते, आणि 'तो काळच तसा होता' हे आपले नेहमीचे उत्तर तोंडातून निघत नाही. वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे असताना मी एका मुलाची कॅसेट जप्त केली होती. ती कशाची होती, हे पाहण्याची तसदीही मी घेतली नव्हती. असो. नवल हे, की याच संस्थेतून आपल्या गीतांची भाषा, तिच्यातील पाप, तारण आणि पुनरुत्थान, आपल्याला मिळाली, असे लेखक मान्य करतो. १९७८च्या गीतात काइन येतो, २००५च्या गीतात एकुलता पुत्र येशू. बायबलचा हा आधार वरवरचा नाही.

शैलीबद्दल एक तक्रार नोंदवतो. लेखकाला मोठ्या अक्षरांचा आणि उद्गारचिन्हांचा भारी सोस. मंचावरची आरोळी कागदावर कर्कश वाटते. परंतु वडिलांविषयी लिहिताना हाच आवाज खाली येतो. स्प्रिंगस्टीन स्वतः बाप होण्याच्या सुमारास, १९९०मध्ये, वडील शेकडो मैल गाडी हाकत त्यांच्या दारी येतात आणि आपण मुलाशी नीट वागलो नाही, असे तुटक शब्दांत सांगतात. मुलगा त्यांना तिथेच थांबवतो. सारा प्रसंग एवढाच आहे.

अखेरीस प्रौढ लेखक फ्रीहोल्डला परततो. घरासमोरचा जुना प्रचंड बीच वृक्ष कापला गेलेला असतो. उरलेल्या मुळांपाशी तो बसतो, आणि बालपणी घोकलेली प्रभूची प्रार्थना त्याच्या ओठी येते. ती तो पूर्ण म्हणतो. चर्चची वास्तू तिथून हाकेच्या अंतरावर आहे.