‘पित्त’ : एका वैद्यकीय संज्ञेची अर्थमीमांसा

वैद्यकीय परिभाषेची परीक्षा बहुधा कोशाच्या पानावरच होते. एका बाजूस परकी संज्ञा, दुसऱ्या बाजूस मराठी पर्याय, आणि दोहोंचा मेळ बसला की पर्याय निर्दोष ठरतो. परंतु संज्ञेचे खरे कार्यक्षेत्र कोशाबाहेर असते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९२६ पासून गिरगाव, दादर, लालबाग येथील मराठी माणसे पोटाची दुखणी घेऊन येत आली आहेत. तेथे रोगी जो शब्द उच्चारतो तो आणि वैद्यकाच्या पुस्तकातला शब्द पुष्कळदा एकच असतो. अर्थ मात्र एक असेलच असे नाही. पोटासंबंधीच्या शब्दांत ‘पित्त’ हे याचे ठळक उदाहरण होय.

तुलनेसाठी प्रथम ‘जठर’ हा शब्द घ्यावा. संस्कृतात त्याचा अर्थ उदर असा व्यापक आहे. गर्भाशयासही तो लावलेला आढळतो. मराठी शास्त्रीय लेखनाने तो अन्ननलिका व लहान आतडे यांच्यामधील एका अवयवापुरता मर्यादित केला. हिंदी पाठ्यपुस्तकांनी त्याच अवयवासाठी आयुर्वेदातील ‘आमाशय’ स्वीकारला. मराठीची निवड निर्वेधपणे रुजली, कारण बोलीत ‘जठर’ शब्दाची जागा मोकळी होती. बोलीचा कारभार ‘पोट’ आणि ‘कोठा’ या शब्दांवर चालतो. कोठा जड असतो, साफ होतो. जठराविषयी असे कोणी बोलत नाही. त्यामुळे नव्या अर्थास जुन्या अर्थाशी झगडावे लागले नाही.

‘पित्ता’ची जागा मात्र मोकळी नव्हती. आज मराठीत या एका शब्दाचे निदान चार अर्थ नांदतात. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक. पाचक, रंजक, साधक, आलोचक व भ्राजक असे त्याचे पाच प्रकार. आधुनिक शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा स्राव. गिरगावातील औषधाच्या दुकानात ‘पित्तावरची गोळी’ मागितली जाते, तेव्हा अभिप्रेत असते जठरातील आम्ल. आणि कोकणी वळणाच्या घरात आमसुलाचे पाणी ज्यावर चोळतात, ते ‘अंगावर उठलेले पित्त’ म्हणजे त्वचेवरील खाजऱ्या गांधी.

शेवटचे दोन अर्थ अडाणीपणातून आले असे मानणे चुकीचे ठरेल. आयुर्वेदात ‘अम्लपित्त’ आणि ‘शीतपित्त’ अशी दोन रोगनामे आहेत. बोलीने दोन्ही समासांतील पूर्वपद गाळून उत्तरपद ठेवले, असे दिसते. वैद्यास ‘अम्लपित्त’ म्हणून जे ठाऊक आहे, तेच रोगी ‘पित्त’ म्हणून सांगतो. १९४१ मध्ये वरळीत सुरू झालेल्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात ही भाषा सहज समजेल. जवळच्याच परळमध्ये तिचे भाषांतर करून घ्यावे लागते.

घोटाळ्याचे मूळ एका समीकरणात आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘पित्त’ या शब्दासमोर ‘बाइल’ हा इंग्रजी शब्द आहे. त्या काळी इंग्रजी शब्दावरही जुन्या दोषवादी वैद्यकाची छाया होती. म्हणून हे समीकरण अगदीच अयोग्य नव्हते. पुढे इंग्रजी शब्दाचा शास्त्रीय अर्थ एका स्रावापुरता आकुंचित झाला, समीकरण मात्र तसेच राहिले. परिभाषाकारांनी त्यावरच ‘पित्ताशय’, ‘पित्तनलिका’ हे शब्द उभे केले.

याचा परिणाम केवळ शाब्दिक नाही. ‘पित्ताशयात खडे आहेत’ असे ऐकणारा रोगी त्याचा संबंध आंबट ढेकरांशी जोडू शकतो. ती पिशवी काढली की जळजळ कायमची थांबेल, अशी आशाही बाळगू शकतो. वस्तुतः जळजळ ज्या आम्लाची, ते जठरात स्रवते. यकृताचा स्राव लहान आतड्यात उतरतो आणि गुणाने अल्कधर्मी असतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ‘पित्त झाले’ हे वाक्य लक्षण सांगत नाही, निदान सांगते. हृदयविकाराच्या झटक्यातही पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ व घाम ही लक्षणे दिसू शकतात. अशा वेळी घरातच उच्चारलेला हा एक शब्द रुग्णालयाची वाट अडवू शकतो.

यावर उपाय बोलीस दोष देण्याचा नव्हे. शालेय पुस्तकांतील ‘पित्तरस’ हा शब्द या दृष्टीने अधिक विचारी आहे. ‘रस’ हे पद जोडताच तो दोषापासून आणि आम्लापासून वेगळा होतो. जठरातील स्रावास ‘जठराम्ल’ म्हणावे, त्वचेच्या विकारास ‘शीतपित्त’ हे पूर्ण नाव परत द्यावे, आणि सुटे ‘पित्त’ आयुर्वेदाकडे व बोलीकडे राहू द्यावे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेचे काम शासकीय पातळीवर चालत आले आहे. त्या कामात पर्याय मूळ संज्ञेशी जुळतो की नाही हे पाहणे आवश्यकच आहे. पण तो शब्द बोलीत आधीच कोणते काम करीत आहे, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारला गेला पाहिजे.