जिजाबाईंचें तरुणपणचें चित्र व त्याचें प्रामाण्य

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें मातुश्री जिजाबाईंचें माहेर. लखुजी जाधवरावांचा वाडा व त्यांची दगडी समाधि तेथें आजहि पाहावयास मिळते. त्या भागांत, व इतरत्रहि, तरुण वयाच्या जिजाबाईंचीं म्हणून जीं चित्रें घरोघर व संग्रहांत आढळतात, त्यांची परीक्षा करण्याचें येथें योजिलें आहे. भक्तीनें भिंतीवर लाविलेल्या चित्राशीं आमचें भांडण नाहीं. तेंच चित्र पुराव्याच्या कागदांत येऊन बसलें म्हणजे मात्र बोलणें भाग पडतें.

या चित्रांतील चेहरा छायाप्रकाशानें गोल उठविलेला असतो, पदराच्या चुण्या तैलरंगाच्या रीतीनें पडतात, मागील देखावा अंधुक होत दूर जातो. हें वळण राजा रविवर्म्याचें. त्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व हें वळण घरोघर पोंचलें. जिजाबाईंचा जन्म १५९८ चा मानितात. तेव्हां अशा चित्रावरून तीनशें वर्षांनंतरच्या चित्रकाराची रुचि कळते, जाधवरावांच्या कन्येची चर्या कळत नाहीं.

यावर असें म्हणतां येईल कीं, हीं चित्रें एखाद्या जुन्या मूळ चित्राच्या नकला असतील. आक्षेप अगदींच टाकाऊ नव्हे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांतील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारशी पोथी पाहावी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही प्रशस्ति १५६५ च्या सुमाराची असून तींत त्याची राणी खुंझा हुमायून हिला पतीशेजारीं बसलेली दाखविलें होतें. पुढें १५६९ मध्यें तिच्याच मुलानें तिला कैदेंत टाकलें. आणि आज बहुतेक चित्रांत तिच्या जागीं पुसल्याची खूण तेवढी दिसते. लखुजीराव याच निजामशाहींतील थोर सरदार. १६२९ सालीं दौलताबादेस त्यांचा घात झाला तो याच दरबारांत. म्हणून त्या काळीं स्त्रीचें चित्र निघणें अशक्य होतें असें नाहीं. तथापि राणीचें चित्र निघणें निराळें व सरदाराच्या मुलीचें निराळें. शिवाय शक्य म्हणजे उपलब्ध नव्हे. नक्कल म्हणणारानें मूळ दाखविलें पाहिजे.

प्रमाण चित्र कसें असतें याला अमेरिकेंतील एक उदाहरण देतों. बोस्टन येथें १७९१ सालीं स्थापन झालेल्या मॅसॅच्युसेट्स ऐतिहासिक मंडळाच्या संग्रहीं ॲबिगेल ॲडम्स हिचें, रंगीत खडूंनीं कागदावर काढलेलें चित्र आहे. सेलेम गांवच्या बेंजामिन ब्लाइथनें तें १७६६ च्या सुमारास काढलें. ती तेव्हां बावीस वर्षांच्या आंतबाहेर होती. खडूचा रंग तेलासारखा धरून बसत नाहीं. भुकटी कागदाच्या खरखरीत अंगावर नुसती टेकलेली असते, बोट लागलें कीं निघते. यास्तव असें चित्र कांचेखालीं जपावें लागतें. ब्लाइथचा हात कांहीं मोठा नव्हे. तोंडवळा ताठ आहे. गळ्यांतील मोत्यांच्या सरी मात्र मन लावून काढल्या आहेत. तरीहि त्याची किंमत मोठी, कारण जोडीला पति जॉन ॲडम्स याचें त्याच हातचें चित्र आहे, आणि त्या दांपत्याचीं परस्परांस लिहिलेलीं अकराशेंहून अधिक पत्रें त्याच मंडळांत आहेत. चित्र, नांव व काळ यांची गांठ अशी कागदांनीं पडते.

जिजाबाईंच्या बाबतींत ही गांठ चित्रांत नाहीं, मुद्रेंत आहे. ‘राजा शिवाजीची माता’ या अर्थाची फारशी मुद्रा त्यांच्या पत्रांवर उमटलेली आहे. जिला त्यांचा शोध घ्यावयाचा ती दृष्टि प्रथम तेथें वळावी.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, जुन्या चित्राच्या पाठीवर नवें नांव घालूं नये. छापखान्याची खूण, चौकट करणाराची चिठ्ठी, वाळवीनें खाल्लेला कागद, सारें जसेंच्या तसें राहूं द्यावें. नोंद ‘अर्वाचीन कल्पनाचित्र, जिजाबाईंचें म्हणून प्रसिद्ध’ अशी करावी. कोणाजवळ खरोखरच जुनें मूळ असल्यास त्यांनीं त्याच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें पाठवावीं. आम्ही प्रथम मागची बाजू पाहूं.