रिकामे सिंहासन आणि पायरीवरची खुर्ची

राजे, सरदार आणि मानकरी यांनी भरलेल्या कल्पित राज्यांच्या कथा आपल्या घरांतील तरुण मुले आवडीने वाचतात. अशा साहित्याकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची वडीलधाऱ्यांची रीत आम्हांस मान्य नाही. माणूस आपल्या कल्पनेतील राज्यात कोणाला मान देतो, यावरून त्याची श्रद्धा पारखता येते. या दृष्टीने जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या त्रिखंडात्मक कादंबरीतील पदव्या व दर्जे यांचा येथे विचार करावयाचा आहे.

टॉल्किन (१८९२-१९७३) हे ऑक्सफर्डचे भाषापंडित आणि निष्ठावंत कॅथलिक. १९०४ साली आई निवर्तल्यावर बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचा सांभाळ केला. आपली ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली रॉबर्ट मरी या येशूसंघीय स्नेह्यास कळविले होते. कादंबरीत मात्र ना चर्च आहे, ना मिस्सा, ना धर्मगुरू. मग ही श्रद्धा आहे कोठे? आमच्या मते तिचा एक मोठा भाग पदव्यांच्या मांडणीत सामावला आहे.

गोंडोर हे कथेतील बलाढ्य राज्य. त्याचा निपुत्रिक राजा एअर्नुर शत्रूचे आव्हान स्वीकारून गेला, तो परतला नाही. तेव्हापासून मार्डिल हा कारभारी व त्याचे वारस राज्य पाहू लागले. असे सव्वीस कारभारी झाले, ९६९ वर्षे लोटली. मराठी वाचकास येथे पुण्याचे पेशवे आठवतील. परंतु साताऱ्याच्या गादीवर छत्रपती होते, येथे गादीच रिकामी आहे. कारभारी तीवर बसत नाही. सिंहासनाच्या सर्वांत खालच्या पायरीवर काळ्या दगडाची, नक्षी नसलेली खुर्ची आहे, ती त्याची. त्याच्या हाती पांढरी काठी, आणि त्याचा ध्वजही पांढरा, चिन्हाविना. राजा परत येईपर्यंत त्याच्याच नावाने कारभार करीन, अशी शपथ प्रत्येक कारभारी घेतो. लेखकाची मार्मिक नोंद अशी, की पुढे पुढे हे शब्द केवळ विधीपुरते उरले.

डेनेथोर हा या परंपरेतील सव्विसावा पुरुष. तो आळशी नाही, लाचखाऊ नाही; बुद्धीने व कर्तबगारीने तो फार मोठा आहे. त्याचे पाप एवढेच, की सांभाळावयास मिळालेले त्याला स्वतःचे वाटू लागले. खरा वारस येत असल्याचे कळताच तो त्याच्यापुढे वाकण्यापेक्षा चिता पसंत करतो आणि जखमी पुत्र फारामिर यालाही जिवंतपणी तीवर ओढू पाहतो. तोच फारामिर पुढे वाचतो आणि नव्या राजाच्या हाती ती पांढरी काठी सोपवितो. राजा ती त्याला परत देतो. संत लूकच्या शुभवर्तमानातील, स्वामी परत येईपर्यंत इमाने वागणाऱ्या कारभाऱ्याचा दाखला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

राजा आरागॉर्न याचे चित्रणही असेच आहे. युद्ध जिंकल्यावर तो नगराबाहेर तंबू ठोकतो आणि रात्री गुपचूप आत येतो, तो घायाळांना बरे करण्यासाठी. लोक त्याला ओळखतात ते या आरोग्य देणाऱ्या हातांवरून. राज्याभिषेकाच्या वेळी तो मुकुट स्वतः घालत नाही. फ्रोडो हा लहानखुरा हॉबिट तो आणतो आणि गॅन्डाल्फ त्याच्या मस्तकी ठेवतो. २००१ ते २००३ या काळात आलेल्या चित्रपटांत फ्रोडोचे हे काम राहून गेले आहे; ज्यांनी केवळ चित्रपट पाहिले, त्यांनी मूळ प्रकरण अवश्य वाचावे.

परिशिष्टातील एक गंमत मराठी वाचकांना विशेष रुचेल. हॉबिटांच्या शायर प्रदेशात आदरार्थी सर्वनामे रोजच्या बोलण्यातून गेली होती. त्यामुळे पिपिन हा तरुण हॉबिट डेनेथोरलाही बेधडक ‘तू’ म्हणतो! सेवक थक्क होतात, आणि हा आपल्या देशी कोणी मोठा राजपुत्र असावा, अशी आवई नगरात उठते. आजच्या इंग्रजीत तू-तुम्ही हा भेद नसल्यामुळे लेखकाला हे परिशिष्टात समजावून सांगावे लागले. आपल्याला ते चटकन कळते. कारण आपण पाटलाला ‘तुम्ही’ आणि प्रार्थनेत परमेश्वराला ‘तू’ म्हणतो.

तरीही एक आक्षेप नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. या राज्यात रक्ताचे माहात्म्य फार आहे. फारामिरच्या तोंडी मानवांची उच्च, मध्यम व रानटी अशी प्रतवारी येते, आणि पूर्वेच्या व दक्षिणेच्या शत्रूंना बहुधा नावेही मिळत नाहीत. एल्डाकार या राजाची आई परवंशीय, एवढ्यावरून गोंडोरात यादवी माजल्याची हकीकत लेखक देतो. आईच्या रक्तामुळे तो उणा ठरला नाही, हेही सांगतो. पण उच्च कुळाचे तेज तो सोडून देत नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या समाजात राहणाऱ्या आपणांस हे खटकले पाहिजे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात कुळ उरत नाही, अशी आपली श्रद्धा आहे.

या आक्षेपाला कादंबरीतीलच सॅम गॅम्जी काही प्रमाणात उत्तर देतो. तो फ्रोडोचा माळी, जन्माने चाकर. विजयानंतर राजा भर सैन्यासमोर या धन्यापुढे आणि चाकरापुढे गुडघा टेकतो. पुढे शायरचे लोक सॅमला सात-सात वर्षांसाठी सात वेळा महापौर निवडतात. आमच्या मते गोंडोरच्या साऱ्या वंशावळींहून ही निवड मोठी आहे.

ग्रंथ दीर्घ आहे, गती संथ आहे, नावांची गर्दी आहे. तरीही घरातील मोठ्यांनी तो मुलांबरोबर वाचावा. धर्मग्रामातील समित्यांचे पदाधिकारी, सणाचे मानकरी आणि आम्ही धर्मगुरू, सर्वांनाच पायरीवरची ती काळी खुर्ची काही विचारील.