१८ टक्के, पण कशाचे?

शोधनिबंध कसा वाचायचा हे आपल्याला कधीतरी शिकवलं जातं, प्रसिद्धिपत्रक कसं वाचायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. आज असंच एक पत्रक वाचू या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते काढलं. सॉसेज, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात म्हटलं होतं. जगभर मथळा झाला तो या आकड्याचाच.

आकडा चुकीचा नाही. अडचण अशी की १८ टक्के कशाचे, हे पत्रकात कुठेच नाही. शेकडेवारीतला बदल काढायची रीत आपण शाळेत शिकलोय: नव्यातून जुनं वजा करा, जुन्याने भागा, शंभरने गुणा. इथे ते 'जुनं'च गायब आहे.

ते आपण घालून बघू. ब्रिटन-अमेरिकेत आयुष्यभरात १०० पैकी साधारण ५ जणांना हा कर्करोग होतो. ५ च्या १८ टक्के म्हणजे ०.९. म्हणजे ५ चे ५.९ झाले, शंभरात जेमतेम एक माणूस वाढला. (हिशेब ढोबळ आहे, कारण त्या ५ मध्ये हे मांस खाणारेही आलेच.) वाढ १८ टक्के, पण फरक ०.९ टक्केबिंदूंचा. मराठीत 'टक्क्यांनी' हा एकच शब्द आपण दोन्हीसाठी वापरतो, त्यामुळे ५ वरून थेट २३ टक्के झाले असंही कुणी समजू शकतं!

आता उलट बघा. ५.९ वरून परत ५ वर आलो, तर घट १८ टक्के का? नाही. भागायचं ५.९ ने, म्हणून ती सुमारे १५ टक्के. फरक तोच, पाया बदलला.

पत्रकाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. एका व्यक्तीपुरता धोका लहानच राहतो, पण हे मांस खाणारे लोक खूप असल्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरतो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कोट्यवधी लोकांत ०.९ टक्केबिंदू म्हणजे लाखो रुग्ण, हे खरंच. पण 'लहान' म्हणजे किती लहान, हे सांगायला एक आकडा पुरला असता. शिवाय भारतात या कर्करोगाचं प्रमाण बरंच कमी आहे, म्हणजे तेच १८ टक्के इथे आणखी लहान होतात. आपल्याकडच्या वाचकाला हे त्या वाक्यातून कसं कळणार?

उद्या तुम्ही स्वतःच्या प्रबंधाचा सारांश लिहाल तेव्हा '४० टक्क्यांनी सुधारणा' लिहायचा मोह होईलच. लिहा, पण शेजारी आधीचा आणि नंतरचा आकडाही द्या. परीक्षक तोच विचारणार आहेत.