यंत्राला येतें म्हणून

संगणकाविषयीं लिहिणारे ग्रंथकार बहुधा दोन जातींचे असतात : एक त्याचे भाट, आणि दुसरे त्याला कधीं हातहि न लावलेले टीकाकार. जोसेफ वायझेनबाउम यांचें ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ (१९७६) हें पुस्तक यांपैकीं कोणत्याच जातींत बसत नाहीं. ‘डिजिटल मानवतावादा’ची चर्चा सध्यां चालली असतांना तें पुन्हा हातीं घेण्याजोगें आहे.

ग्रंथकर्ते १९२३ सालीं बर्लिन येथें एका ज्यू कुटुंबांत जन्मले; १९३६ मध्यें त्या कुटुंबानें नाझी अमलांतून निघून अमेरिकेचा आश्रय घेतला. पुढें मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंत अध्यापक असतांना, १९६६ सालीं, त्यांनीं ‘एलायझा’ ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. नांव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील नायिकेचें, आपल्या ‘ती फुलराणी’ची ही पाश्चात्त्य थोरली बहीण म्हणावयाची. तिची कला अगदीं साधी होती. मनुष्यानें टंकलिखित केलेल्या वाक्यांतून एखादा शब्द उचलावयाचा, ‘मला’चें ‘तुम्हांला’ करावयाचें, आणि तेंच वाक्य प्रश्नरूपानें परत करावयाचें. समजण्याचा भाग शून्य. तरीहि ज्या चिटणीस बाईंनीं ही रचना महिनोगणती डोळ्यांपुढें होतांना पाहिली होती, त्यांनींच यंत्राशीं बोलतांना ग्रंथकर्त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितलें !

परंतु त्यांना खरा धक्का बसला तो कांहीं मानसोपचारज्ञांमुळें. या युक्तीवरून त्यांना यंत्राकरवीं रुग्णांवर उपचार करण्याचीं स्वप्नें पडूं लागलीं. बाईंचा भोळेपणा क्षम्य होय. पण मनुष्याचें मन जाणणें हाच ज्यांचा धंदा, त्यांना ऐकणाऱ्याची जागा रिकामी राहिली तरी चालेल असें वाटावें, हें भयंकर खरें. यंत्रापाशीं मन मोकळें करणाऱ्यांची संख्या आज किती वाढली आहे हें पाहिलें, म्हणजे या पानांना नवी धार येते.

न्यायाधीशाला असें काय कळतें, कीं जें यंत्राला सांगतां येणार नाहीं, असा प्रश्न जॉन मॅकार्थी यांनीं टाकला होता. वायझेनबाउम यांच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. यंत्राला येतें म्हणून तें त्याला करूं द्यावें, हें कशावरून ठरलें ? हिशेबानें उत्तर काढणें निराळें आणि विवेकानें निवड करणें निराळें. जी बुद्धि मनुष्याच्या जीवनक्रमांतून गेलेली नाहीं, ती कितीहि तीव्र असली तरी मानवी सुखदुःखाला परकीच राहणार. सगळ्या पुस्तकांत मला हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो.

मॅकार्थी यांनीं पुस्तकावर उपदेशबाजीचा व विस्कळितपणाचा आरोप ठेवला. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. संगणकाच्या नादीं लागलेल्या तरुणांचें चौथ्या प्रकरणांतील वर्णन व्यंगचित्राच्या जवळ जातें. बोलणें ओळखणाऱ्या यंत्रांच्या संशोधनास त्यांनीं विरोध केला, त्यांतहि तोल सुटला आहे. सरकारला लोकांचीं संभाषणें चोरून ऐकणें सोपें होईल, ही भीति रास्तच होती. पण एखादा अंध विद्यार्थी आज मराठींत बोलून यंत्राकडून मजकूर लिहवून घेतो, त्याचें वजन या तराजूंत कोठेंच पडलेलें नाहीं.

व्हिएन्ना येथें २०१९ सालीं निघालेला डिजिटल मानवतावादाचा जाहीरनामा याच्या शेजारीं ठेवून वाचावा. मक्तेदारीला आळा, खाजगीपणाचें रक्षण, मानवी हक्कांवर परिणाम करणारे निर्णय माणसांच्याच हातीं, हीं सर्व कलमें मला मान्य आहेत. मात्र भाषा समितीची आहे. तंत्रज्ञांच्या जबाबदारीचाहि तेथें उल्लेख आहे, पण तो इतर कलमांच्या रांगेंत निमूटपणें उभा आहे. वायझेनबाउम यांच्या पानांत एका कारागिरानें आपल्याच हातच्या वस्तूसंबंधीं घेतलेली साक्ष आहे. कायद्यावांचून भागणार नाहीं हें खरें, तथापि ‘हें मी करणार नाहीं’ असें म्हणणारा माणूस कायद्यानें निर्माण होत नाहीं.

यंत्राची अंतर्गत रचना सांगणारीं दुसरें व तिसरें हीं प्रकरणें क्लिष्ट आहेत. सामान्य वाचकानें तीं खुशाल ओलांडावीं. प्रस्तावना आणि दहावें प्रकरण मात्र सोडूं नये.