वाढण्यासाठीच बांधलेली घरं

आज आपण बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजबद्दल बोलू. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आखलेली ही वसाहत, काम १९८३ ते १९८६ या काळातलं. जागा साडेपाच हेक्टरच्या आसपास, कुटुंबं साधारण साडेपाचशे. वास्तुकलेचे विद्यार्थी लांबून ती बघायला येतात आणि बऱ्याचदा खट्टू होऊन परततात. पुस्तकातल्या फोटोंमधली उतरत्या कौलांची घरं आता शोधावी लागतात. त्यांच्या जागी आरसीसीच्या मजल्यांची पक्की घरं उभी आहेत. मग 'वारसा गेला' असं म्हटलं जातं. आमचं भांडण या वाक्याशी आहे.

गेलं म्हणजे नक्की काय गेलं? मूळ आखणी बघा ना. सात घरं आणि मध्ये आठ मीटर लांब-रुंद चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे कमी मिळकतीचा आणि बऱ्या मिळकतीचा माणूस यांच्या जागेत फार तफावत नाही. आणि मुख्य म्हणजे दोन घरांत सामाईक भिंत नाही. का नाही? तर प्रत्येकाला शेजाऱ्याला धक्का न लावता आपलं घर वाढवता यावं म्हणून. गावाकडे पडवी बंद करून खोली काढतात, तसंच. मालक पुढे गवंडी बोलावणार हे कोरियांनी धरूनच ठेवलं होतं. तेव्हा घर बदललं म्हणून हळहळणं म्हणजे मूळ कल्पनाच न समजणं.

मग काहीही चालेल का? नाही. जपानमधलं इसे देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. लाकूड नवं, रूप तेच. बेलापूरला उलट आहे. इथे रूप बदलायला मोकळीक, टिकवायचा तो नियम: घराला आपलं उघडं अंगण हवं, शेजाऱ्याचा आडोसा राहायला हवा, चौक सगळ्यांचा हवा. प्लॉट कडेपर्यंत भरून टाकणारी इमारत हा नियम मोडते, मग तिच्यावर कौलं का घातलेली असेनात! चौकाचं पार्किंग झालं तरी तेच.

कोरियांकडेही थोडा दोष जातो. त्यांनी वाढ धरली ती कुटुंबाच्या गरजेची. जमिनीच्या भावानं होणारी वाढ निराळी असते, तिला अंगण म्हणजे वाया गेलेली जागा वाटते.

कायद्याचं म्हणाल, तर प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या केंद्रीय कायद्याला वास्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. चाळिशीतली वसाहत तिथे बसत नाही, आणि आमच्या मते ते एका परीनं बरंच आहे. त्या कायद्याला भिंत गोठवता येते, चौक नांदता ठेवता येत नाही. इथे बांधकामाची परवानगी देताना एकट्या घराचा नकाशा बघून भागणार नाही, सातही घरांचा एकत्र नकाशा टेबलावर हवा. तो कुणी मागायचा, यावर तुमचे प्रश्न आता घेऊ.